आधी ओल ओळखा, मग फरशी निवडा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तळघरात संसार थाटलेलं कुटुंब सापडायचं नाही. आपल्याकडे तळघर म्हणजे नव्या टॉवरमधलं पार्किंग, नाहीतर पंपाची खोली. पण तळघराची सगळी दुखणी आपल्या तळमजल्यांना लागलेली आहेत. नौपाड्यातली जुनी सोसायटी घ्या, कल्याणच्या पारनाक्याजवळचं बैठं घर घ्या किंवा डोंबिवलीतली चाळ घ्या. रस्त्यावर डांबराचे, काँक्रीटचे थर चढत गेले आणि घर होतं तिथेच राहिलं. जिथे दोन पायऱ्या चढून घरात जायचो, तिथे आता एक पायरी उतरून जावं लागतं. त्यात खाडीकाठची भरावाची जमीन आणि चार महिन्यांचा पाऊस.

बांधकामाच्या साइटवर सुपरवायझरकी करण्यात माझं आयुष्य गेलं. अशा तळमजल्यावर नवा संसार मांडणारी पोरं-पोरी विचारायला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘काका, स्वस्त आणि टिकाऊ फरशी कुठली घेऊ?’ जुन्या गवंड्यांनी मला जे सांगितलं, तेच मी त्यांना सांगतो. फरशी टिकते की नाही, हे तिच्या खालच्या जमिनीवर ठरतं. म्हणून दुकानात जाण्याआधी घराची जमीन समजून घ्या.

घर बघायला श्रावणात जा, काम दिवाळीनंतर काढा

तळमजल्याचं घर मार्च-एप्रिलमध्ये बघून पसंत करू नका. तेव्हा सगळ्या भिंती कोरड्या आणि नुकत्या रंगवलेल्या असतात. श्रावण-भाद्रपदात जा. कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत बघा. जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत का? पांढरी भुकटी दिसते का? ती बोटाने पुसली तर पुन्हा येते का? तो लोणा आहे. जमिनीतली ओल विटांतून वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून जातं आणि क्षार भिंतीवर राहतात. खाडीजवळच्या जमिनीत मीठ मुळातच जास्त. शिवाय आपल्याकडच्या अनेक जुन्या इमारतींना रेतीबंदरावरची खाडीची रेती वापरलेली आहे. ती नीट धुतलेली नसेल तर मीठ भिंतीच्या अंगातच असतं.

काम मात्र दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आसपास संपवा. पावसाळ्यात वर आलेलं जमिनीतलं पाणी तोवर उतरलेलं असतं, खालचा थर सुकायला वेळ मिळतो आणि मे महिन्याच्या उन्हात सिमेंटला पाणी मारत बसावं लागत नाही. मृग नक्षत्राच्या तोंडावर घाईने बसवलेल्या फरशीखाली ओल कोंडून राहते आणि ती वर्षभर त्रास देते.

ओल खालून येते की वरून, ते आधी ठरवा

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तळमजल्याच्या फरशीला घाम सुटतो. पाय ठेवला की चिकटतो. लगेच कोणीतरी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतं. थांबा. हा घाम नेहमी जमिनीतूनच येतो असं नाही. फरशी थंड असते आणि दमट, गरम हवा तिला लागली की हवेतलंच पाणी तिच्यावर जमतं. त्यावर उपाय म्हणजे पंखा, समोरासमोरच्या खिडक्या आणि कपाटामागे सोडलेली चार बोटं जागा. तिथे केमिकलवर हजारो रुपये घालून काही होणार नाही.

दोन्हींतला फरक घरच्या घरी कळतो. दोन फूट बाय दोन फुटांचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. फरशी कोरडी पुसून त्याच्या चारही कडा रुंद चिकटपट्टीने घट्ट बंद करा. फरशी टाइल्सची असेल तर मधे एखादा सांधा आला पाहिजे, कारण ओल टाइलमधून येत नाही, सांध्यातून येते. एक-दोन दिवस तसंच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला दिसले, किंवा खालची जमीन काळपट झाली, तर ओल जमिनीतून चढते आहे. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली ओल. बिनखर्चाची ही परीक्षा प्रत्येक खोलीत एकदा करा. बाहेरच्या भिंतीजवळ आणि नहाणीशेजारी तर नक्कीच.

पुराचं पाणी आधी नहाणीतून येतं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उल्हास आणि वालधुनीच्या काठचं कल्याण, बदलापूर, अंबरनाथही पाण्यात होतं. जुलै २०१९ मध्ये उल्हासला पूर आला आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तेव्हा कल्याणातले तळमजले पुन्हा भरले. असं पाणी दारातून यायच्या आधी नहाणीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून उसळतं, कारण बाहेरची गटारं तुंबलेली असतात आणि घर त्यांच्यापेक्षा खाली असतं.

म्हणून फरशीचं काम काढलंच आहे, तर प्लंबरकडून बाहेरच्या चेंबरजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि दर वर्षी मेमध्ये तो उघडून साफ करा. मुख्य दाराला ग्रॅनाइटचा चार-सहा इंचांचा उंबरा घाला. मोठ्या पुराला तो पुरणार नाही, पण रस्त्यावरून गाडी गेली की घरात येणारी लाट अडवेल. घरात वयस्कर माणसं असतील तर उंबऱ्याचा रंग फरशीहून वेगळा ठेवा, म्हणजे ठेच लागणार नाही. चार इंचांच्या पट्टीऐवजी भिंतीला तीन फुटांपर्यंत टाइल लावा आणि विजेचे प्लग त्याच्या वर घ्या. घरात पाणी शिरतं हे माहीत असूनही फक्त जमिनीचा विचार करणं म्हणजे अर्धंच काम करणं.

चांगली जुनी फरशी उखडू नका

डोंबिवलीतल्या रामनगर, टिळकनगरच्या जुन्या इमारतींत मोझॅक टाइल्स आहेत. दहा-बारा इंचांच्या, सिमेंटमध्ये संगमरवरी चिपा घातलेल्या. नवा मालक पहिल्यांदा त्याच उखडायला निघतो. त्या आधी नीट बघा. टाइल्स जागच्या हलत नसतील, मधे खचलेल्या नसतील आणि प्लास्टिकच्या परीक्षेत ओल दिसली नसेल, तर त्यांच्यासारखी स्वस्त फरशी तुम्हाला मिळणार नाही. मशिनने घासून घ्या: आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक. मधे सिमेंटच्या पातळ रबडीने बारीक छिद्रं भरून घ्या आणि शेवटी पॉलिश मारा. वरचा मळकट पापुद्रा गेला की चिपांचे रंग वर येतात.

यात टाइलचा खर्च नाही, डेब्रिज उचलायचा खर्च नाही, सोसायटीशी वादावादी नाही. दरवाजे खालून कापावे लागत नाहीत. चाळीस-पन्नास वर्षं टिकलेली फरशी आणखी वीस वर्षं सहज टिकते. वाचलेले पैसे नहाणीच्या वॉटरप्रूफिंगला वापरा.

पैसे खालच्या थरात घाला

ओल जमिनीतून येते हे ठरलं, तर वरून रंगासारखं काही फासून ती थांबत नाही. खालून पाण्याचा दाब येतो आणि तो थर फुगून सुटतो. ओल अडवायची ती फरशीच्या खाली.

बैठं घर स्वतःचं असेल आणि जमीन खणता येत असेल तर क्रम असा. आधी इंजिनिअरला दाखवून भिंतींच्या पायाला धक्का लागणार नाही याची खात्री करा. जुनी पाण्याची लाइन आणि विजेचं अर्थिंग कुठून गेलंय ते बघा. मग खणून मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून ठोकून घ्या. वाळवीचं औषध याच वेळी मारायचं, नंतर नाही. त्यावर दगडांचं सोलिंग, त्यावर बारीक रेतीचा हात, आणि मग जाड प्लास्टिकची शीट, निदान २५० मायक्रॉनची. शीटचे जोड सहा-सहा इंच एकावर एक घ्या, पट्टीने चिकटवा आणि कडा भिंतीवर दोन-तीन इंच वर वळवा. तिच्यावर चार इंच काँक्रीट. काम चालू असताना शीटवरून घमेली ओढू देऊ नका. एक भोक पडलं तरी ओल तिथून वाट काढते.

खणणं शक्य नसेल, तर जुन्या फरशीवरच शीट अंथरून त्यावर बारीक जाळी घालून दोन इंच काँक्रीट करता येतं. दोन इंचांहून पातळ केलंत तर ते तडकेल. यात घराची जमीन फरशी धरून तीनेक इंच वर येते. दरवाजे, नहाणीचा उंबरा, गॅसचा ओटा आणि बाहेर जाणारा पाण्याचा उतार, हे सगळं आधी मोजा.

एक गोष्ट फार थोडे जण सांगतात. जुन्या वाड्यासारख्या, भिंतींत ओल अडवणारा डीपीसीचा थर नसलेल्या घरात सगळी जमीन एकदम बंद केली की तिथली ओल भिंतींकडे वळते आणि आधी फूटभर असलेला लोणा दोन-तीन फुटांवर चढतो. पूर्वी अशा घरांचं जोतं कमरेएवढं उंच असायचं आणि जमीन शेणाने सारवलेली. ओल येई आणि उडून जाई. अशा घरात भिंतीचाही उपाय सोबत करा, नाहीतर ओलीला थोडी वाट देणारी फरशी घ्या.

कोणती फरशी कुठे

*कोटा.* राजस्थानातल्या कोटा आणि झालावाड भागातला हा चुनखडी दगड. हिरवट-निळा, एक इंचाच्या आसपास जाड. ओलसर तळमजल्याला माझी पहिली पसंती याला. वरवंटा पडला तरी सहसा फुटत नाही, रफ घेतला तर पाय घसरत नाही, दहा वर्षांनी घासून पॉलिश केला की पुन्हा नवा. सांध्यांतून ओलीला थोडी वाट मिळते. वैगुण्य एकच, आम्ल त्याला सोसत नाही. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड पडलं की डाग कायमचा.

*शहाबादी आणि कडप्पा.* शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली, कडप्पा आंध्रचा. दोन्हीही चुनखडीच, म्हणजे आम्लाचं पथ्य तेच. शहाबादी आणखी स्वस्त, पण जाडी सारखी नसते. अंगण, पॅसेज, धुण्याची जागा, बाहेरची पायरी यांना ती उत्तम. कडप्पा ओट्याखाली आणि कपाटांच्या फळ्यांना वापरा. पाण्यात बुडाला तरी त्याला काही होत नाही.

*व्हिट्रिफाइड.* देशातल्या बहुतेक टाइल्स गुजरातच्या मोरबीत बनतात आणि कल्याण-शीळ रस्त्यावरची दुकानं त्यांनीच भरलेली असतात. खरी व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून कमी पाणी शोषते. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून जास्त शोषते. दुकानात टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब तसेच उभे राहिले तर टाइल जमिनीची. पाहता पाहता जिरले तर ती भिंतीची आहे, कितीही स्वस्त दिली तरी जमिनीला लावू नका. खोक्यावर आयएसआय मार्क आणि आयएस १५६२२ हा क्रमांक बघा. चकाकणारी घेऊ नका, मॅट घ्या. तळमजल्यावर बाहेरची माती येते, पावसाळ्यात पाय ओले असतात, आणि चकाकीवर पडलेल्या आजीचं कमरेचं हाड मोडलं की टाइलमध्ये वाचवलेले पैसे इस्पितळात जातात.

*सिमेंटचा कोबा.* हात फारच आखडता असेल तर चांगला घोटलेला कोबा करा. त्याला लाज वाटून घेण्यासारखं काही नाही. चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या घालून तुकडे पाडा, म्हणजे तडे वाटेल तिथे जाणार नाहीत. सात दिवस त्यावर पाणी साठवून ठेवा. पुढे पैसे आले की त्यावरच टाइल बसते.

*लाकडी लॅमिनेट, व्हिनाइल, गालिचा.* तळमजल्याला नको. लॅमिनेट पाणी पिऊन कडांना फुगतं आणि पुन्हा बसत नाही. व्हिनाइल स्वतः कुजत नाही, पण त्याच्याखाली पाणी अडकतं, बुरशी धरते आणि घराला कुबट वास येतो. दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणतो ते त्या पट्टीबद्दल, तुमच्या जमिनीबद्दल नाही.

*संगमरवर.* पाणी आणि डाग दोन्ही पितो. देवघरापुरता ठीक.

पेट्यांचा हिशेब आपण करा

दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, दाराचे तीन गेले की ४१. त्याला चार इंचांची पट्टी म्हणजे साधारण १४ चौरस फूट. एकूण १३४. त्यात दहा टक्के मोडतोड धरली की १४७. दोन बाय दोनच्या चार टाइल्सच्या पेटीत साडेपंधरा चौरस फूट माल येतो. म्हणजे दहा पेट्या. दुकानदार बारा म्हणाला तर का, ते विचारा. आठ म्हणाला तर दुसऱ्या खेपेला शेड जुळणार नाही हे लक्षात ठेवा.

शेड नंबर प्रत्येक पेटीवर छापलेला असतो. टेंपोतून माल उतरवतानाच सगळ्या पेट्यांवर तो एकच आहे का ते बघा. काम झाल्यावर उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका. पाच वर्षांनी पाइप फुटला की त्याच उपयोगी पडतील. आणि भाव विचारताना टाइल, जीएसटी, टेंपो आणि हमाली सगळं मिळून चौरस फुटाला किती पडतं, ते विचारा.

गवंड्याला मान द्या, पण नाणं खिशात ठेवा

चांगला गवंडी टाइल उचलायच्या आधी लेव्हल पाइपने खोलीच्या चारही कोपऱ्यांत खूण करतो, गुण्या लावून सूत बांधतो आणि चार टाइल्स कोरड्याच मांडून बघतो. असं करणारा माणूस मजुरीला थोडा महाग असला तरी तोच घ्या.

व्हिट्रिफाइड टाइलची पाठ गुळगुळीत असते, नुसत्या सिमेंटच्या रबडीने ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲढेसिव्ह लागतं. त्याच्या गोणीवर आयएस १५४७७ क्रमांक बघा. ॲढेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायला सांगा. चार कोपऱ्यांत चार गोळे आणि मधे एक ठेवून टाइल चिकटवणारे पुष्कळ आहेत. त्या गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साठतं आणि फ्रिजचा पाय नेमका तिथे आला की टाइल तडकते. दोन टाइल्समधे दोन मिलिमीटर फट सोडायला लावा. सांधाच नको म्हणून टाइलला टाइल भिडवली तर उन्हाळ्यात त्या एकमेकींना रेटून वर उठतात. भिंतीकडेलाही बारीक फट हवी, ती पट्टीखाली झाकली जाते.

नहाणी आणि मोरीत प्रत्येक फुटाला पाव इंच तरी उतार जाळीकडे हवा. ग्राउट भरण्याआधी बादलीभर पाणी ओतून बघा. कुठे डबकं राहिलं तर तेव्हाच दुरुस्त होतं. तिथे इपॉक्सी ग्राउट भरा. महाग असतं, पण नहाणीपुरतं थोडंसंच लागतं.

काम झालं की रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर ठोका, मधे आणि चारही कोपऱ्यांत. भरीव आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा आणि गवंड्याला दाखवा. हे त्याच्यासमोर, शेवटची रक्कम देण्याआधी करायचं, आणि तसं ठरवताना पहिल्याच दिवशी सांगायचं. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

सगळ्याचं सार

जुनी मोझॅक धड असेल तर ती घासून घ्या. ओल येत असेल आणि जमीन खणता येत नसेल तर रफ कोटा. खाली शीट आणि काँक्रीट नीट केलं असेल तर मॅट व्हिट्रिफाइड. नहाणीत न घसरणाऱ्या टाइल्स, बाहेर शहाबादी. आणि पैसे दोन्हींना पुरत नसतील, तर खालचा थर आधी पुरा करा आणि वर साधा कोबा करून दोन-तीन वर्षं काढा. वरची फरशी केव्हाही बदलता येते. खालचा थर बदलायचा म्हणजे अख्खं घर रिकामं करावं लागतं.